ऑइल कुठे जात होते

मित्रांनो, शाळेच्या ज्या छोट्या बसचा आवाज वळणावर ऐकू आला की तुमच्यापैकी कितीतरी जण एक बूट पायात आणि दुसरा हातात घेऊन धावत सुटायचे, त्या बसचे इंजिन म्हणजे मी. चार सिलिंडरचे, डिझेलवर चालणारे, आणि तुमच्या बहुतेक शिक्षकांच्या नोकरीपेक्षा जुने.

माझा जन्म भट्टीतला. वितळलेले लोखंड साच्यात ओतले, ते थंड झाले आणि मी बाहेर आलो तेव्हा माझ्या अंगाला वाळू चिकटलेली होती. मग मला घासले, कातले, भोके पाडली. एका चष्मेवाल्या बाईंनी माझे चारही सिलिंडर आतून मोजले आणि माझ्या पाठीवर थाप मारून म्हणाल्या, "हे पोरगं टिकेल." ती माझ्या वाट्याला आलेली पहिली शाबासकी.

आम्हा डिझेल इंजिनांना ठिणगी लागत नाही. आम्ही हवा आत ओढतो आणि ती इतकी दाबतो की ती आपोआप तापते. त्या तापलेल्या हवेत डिझेलचा फवारा पडला की तो पेट घेतो. म्हणजे आमचे सगळे जगणे त्या दाबावर. हा दाब धरून ठेवतात पिस्टनभोवती बसवलेल्या बारीक रिंगा. त्याच रिंगा सिलिंडरच्या भिंतीवरचे ऑइल पुसून खाली ढकलतात. त्या झिजल्या की दोन्ही बिघडते. दाब खाली निसटतो आणि ऑइल वर चढून जळते. एवढे लक्षात ठेवा, म्हणजे पुढचे समजेल.

ताई माझी ड्रायव्हर. तिच्याआधी तिचे वडील ही बस चालवायचे. ते गेले, पाठोपाठ आईही गेली, आणि बसची किल्ली व धाकटा भाऊ असे दोन्ही एकाच महिन्यात ताईच्या हातात आले. भाऊ तेव्हा आठ वर्षांचा होता. ती त्याला बारक्या म्हणायची. पुढे तो सहा फूट उंच झाला तरी बारक्याच राहिला. लग्नाचे कुणी विचारले की ताई हसून म्हणायची, "माझ्याकडे रोज बत्तीस पोरं असतात. अजून किती हवीत?"

रोज सकाळी ती बॉनेट उघडायची, ऑइल मोजायची पट्टी बाहेर काढून फडक्याने पुसायची, पुन्हा बुडवून बघायची. मग सीटवर बसून म्हणायची, "उठा राजे, शाळेला उशीर होतोय." मी अर्ध्या फेऱ्यात उठायचो. ऑइल ती स्वतःच बदलायची, ठरल्या किलोमीटरला, एकही दिवस पुढे न ढकलता. दर शनिवारी एअर फिल्टर काढून झटकायची. पट्टीवरची ऑइलची खूण वर्षानुवर्षे हलली नाही.

बारक्या तंत्रशाळेत शिकला आणि एका मोठ्या वर्कशॉपमध्ये लागला. तिथे एकदा त्याच्या हातून एका ट्रकच्या ऑइल सोडायच्या भोकाचा बोल्ट सैल राहिला. वाटेत सगळे ऑइल सांडून ट्रकचे इंजिन जाम झाले. मालकाने सगळ्यांसमोर त्याला नको नको ते सुनावले आणि काढून टाकले. बारक्या घरी आला तो चार दिवस जेवला नाही. पुढचे सहा महिने त्याने पान्याला हात लावला नाही. तेव्हा ताई त्याला बळेच माझ्याजवळ घेऊन यायची. "हे बघ, याच्यावर हात बसव. हा काही कुणाकडे चुगली करणार नाही." माझ्यावरच सराव करून तो पुन्हा उभा राहिला. त्याने लग्न केले, दोन गल्ल्या सोडून पत्र्याच्या शेडमध्ये स्वतःचे गॅरेज टाकले. बाहेर पाटी लावताना ताई खाली उभी राहून सांगत होती, "डावीकडे. अजून. अरे, डावा हात कुठला ते विसरलास का?"

आता त्या दिवसाचे सांगतो.

पावसाळा सरून रस्ते कोरडे पडले होते. माझा एअर फिल्टरचा डबा आणि त्यातून माझ्या तोंडाकडे येणारा रबरी पाइप जुना झाला होता. बारक्याने दोन्ही नवीन आणले होते. पाइपाच्या दोन टोकांना दोन लोखंडी क्लिपा, पाइप आवळून धरणाऱ्या. वरची क्लिप त्याने आवळली. खालची, जी बॉनेट उघडूनही दिसत नाही, नुसती हाताने चाचपावी लागते, ती तो आवळणार एवढ्यात त्याचा फोन वाजला. दवाखान्यातून होता. त्याला मुलगी झाली होती.

त्याच्या हातातला स्क्रू ड्रायव्हर खाली पडला. "ताई, मुलगी!"

"मग बघत काय उभा आहेस? पळ!"

"हे एवढं..."

"मी लावते बॉनेट. जा तू. आणि हात धू आधी, काळ्या हाताने उचलशील तिला!"

तो धावतच सुटला. ताईने डोळे पुसले, मग बॉनेट लावले. माझ्यावर दोन्ही हात टेकून म्हणाली, "राजे, मी आत्या झाले." त्या दोघांना इतके आनंदात मी कधीच पाहिले नव्हते. खालची क्लिप मात्र सैलच राहिली.

त्याच हंगामात शाळेच्या वाटेवर खडीच्या खाणीपासून पुढे रस्त्याचे काम निघाले. तुम्हाला आठवत असेल, खिडक्या बंद करूनही दप्तरांवर धूळ बसायची. फिल्टर त्याचे काम करीत होता, पण त्याच्या पुढे, पाइपाच्या सैल तोंडातून, ती धूळ सरळ माझ्या आत येत होती. दगडाची धूळ ती. पिठासारखी दिसते, पण आत गेली की कानशीसारखी काम करते. एकेका फेरीला ती माझ्या रिंगा घासत होती, सिलिंडरच्या भिंती ओरबाडत होती. सगळ्यात जास्त तिसऱ्या सिलिंडरच्या.

दोन महिन्यांत ऑइलची खूण हलली. ताईने पट्टी दोनदा पुसून पाहिली. मग थोडे ऑइल भरले. पुढच्या आठवड्यात पुन्हा भरावे लागले. थंड सकाळी मी लवकर उठेना. स्टार्टर कण्हत राहायचा आणि मागून निळसर धूर यायचा.

"बारक्या, ऑइल कुठे जातंय रे याचं?" तिने भावाला विचारले.

त्याने माझ्या खाली पुठ्ठा टाकून ठेवला. सकाळी पुठ्ठा कोरडा. म्हणजे गळती नव्हती. मी चालू असताना ऑइल भरायचे झाकण काढले तर तिथून फस् फस् वाफा येत होत्या. तो म्हणाला, "आतून गेलंय. ताई, ऑइल वेळेवर बदलत होतीस ना?"

"एकदा तरी चुकलेय का मी?"

"मग एवढ्या लवकर कसं गेलं?" असे म्हणत त्याने बॉनेट लावून टाकले. पाइप त्याने तपासला नाही. तो त्याने स्वतः बसवलेला होता, त्यामुळे तिथे काही चुकले असेल असे त्याच्या डोक्यातही आले नाही.

आणखी काही आठवड्यांनी, शाळेच्या आवारात, ताई ऑइल भरत असताना ऑइलच्या डब्याचे झाकण निसटून माझ्या खालच्या बाजूला अडकले. ती हात घालून चाचपू लागली आणि तिचे बोट त्या क्लिपेला लागले. क्लिप गोल फिरली. ताईचा हात तिथेच थांबला. तिने पाइप काढला, आत बोट फिरवले. बोटावर करडी धूळ आली. ती चिमटीत चोळून तिने पाहिली, करकरली.

ती बसच्या पायरीवर बसली. मधली सुट्टी होऊन गेली, पुन्हा घंटा झाली, तरी ती बसूनच होती. मग उठली. सैल राहून राहून पाइपाचे तोंड पसरले होते. तिने सायकलच्या जुन्या ट्यूबची एक पट्टी कापली, पाइप जिथे बसतो त्या माझ्या तोंडाभोवती तीन वेढे देऊन गाठ मारली, त्यावर पाइप चढवला आणि क्लिप करकचून आवळली.

"आता आत काही जायचं नाही," ती मला म्हणाली. "गेलं ते गेलं. त्याला आत्ता नको सांगायला. शाळेच्या तिन्ही गाड्यांची दुरुस्ती त्याच्याकडे द्यायचं चाललंय. कळलं तर पुन्हा मागच्यासारखा बसेल कोपऱ्यात. गॅरेज जरा लागू दे मार्गी, मग सांगते. रागावेन सुद्धा चांगली."

पण झिजलेल्या रिंगा आपोआप भरून येत नाहीत. माझा धूर वाढतच गेला. मुले मला खोकलागाडी म्हणू लागली. मला राग नव्हता, खोकत होतोच मी. पण काही पालकांनी तक्रार केली आणि मुख्याध्यापिका बाईंनी ताईला आणि बारक्याला बोलावले. बस ऑफिसच्या खिडकीखालीच उभी होती, म्हणून मला सगळे ऐकू आले.

"काय झालंय गाडीला?" बाईंनी विचारले.

बारक्या म्हणाला, "इंजिन आतून झिजलंय. काम काढावं लागेल."

"कशामुळे?"

त्या टेबलावर त्याचा तिन्ही गाड्यांच्या दुरुस्तीचा कागद होता, सही व्हायची बाकी. "निगा राखली नाही की होतं असं," तो म्हणाला. "ऑइल वेळेवर बदललं नाही की..."

"म्हणजे ड्रायव्हरची हयगय?"

बारक्या म्हणाला, "आता... हो."

बाई ताईकडे वळल्या. "तुम्हाला काही सांगायचंय?"

माझ्या अंगातली धग ओसरत होती, पत्रा टिकटिक वाजत होता. मी वाट पाहिली. एक वाक्य पुरे होते. ताई म्हणाली, "नाही बाई. त्याला यातलं कळतं."

ताईने बसची किल्ली टेबलावर ठेवल्याचा आवाज आला. बाहेर आल्यावर बारक्या तिच्या मागे आला. "ताई, तसं नव्हतं म्हणायचं मला. पण तूही बघायला हवं होतंस ना."

"हो रे," ताई म्हणाली. "बघायला हवं होतं."

शाळेने भाड्याची गाडी लावली. मला ओढून बारक्याच्या गॅरेजमागच्या मोकळ्या जागेत नेऊन ठेवले. माझ्या छपरावर वाळकी पाने साचली, एका मांजरीने मागच्या सीटवर पिल्ले घातली. तो रोज माझ्या जवळून जायचा, पण बॉनेट उघडायचा नाही. वहिनी, म्हणजे त्याची बायको, म्हणायची, "दोन गल्ल्यांवर तर आहेत ताई. जाऊन या ना एकदा." तो म्हणायचा, "तीच रुसून बसलीय. येईल राग गेला की."

ताई एकदा आली होती. दुपारी, तो सुटे भाग आणायला गेला असताना. तिने माझे बॉनेट उघडले, पट्टी काढून पुसली, पुन्हा ठेवली. वहिनी मुलीला कडेवर घेऊन बाहेर आली.

"अहो ताई, बाहेर काय उभ्या? आत या ना. चहा टाकते."

ताईने मुलीला घेतले, तिच्या केसांचा वास घेतला. "चालायला लागली?"

"कधीच. आता धरून ठेवावं लागतं. थांबा ना, येतीलच हे एवढ्यात."

"नको. तो बोलावेल तेव्हा येईन." आणि मुलीला परत देऊन ती गेली. माझ्याकडे तिने वळून पाहिले नाही. वहिनीने रात्री नवऱ्याला सांगितले असणार. तरी तो गेला नाही. आज जातो, उद्या जातो, असे अकरा महिने गेले.

मग एका सकाळी कुणीतरी गॅरेजच्या दारातून हाक मारली. ताईला तीन दिवस ताप होता. छातीत कफ भरला होता. शेजारच्यांनी दवाखान्यात नेले होते. बारक्या हातातला पाना घेऊनच धावला. तो पोचला तेव्हा उशीर झाला होता.

मित्रांनो, मला पुढचे सांगताना जड जाते.

दोन महिन्यांनी शाळेने निरोप पाठवला. बस दुरुस्त करा, नाहीतर भंगारात द्या. त्या दिवशी बारक्याने माझे बॉनेट उघडले. त्याने नवी बॅटरी जोडली, मला कसेबसे चालू करून गरम केले. मग डिझेलचा फवारा मारणारे चारही नोझल काढले, त्यांच्या जागी एकेक करून दाब मोजायचे घड्याळ बसवले आणि स्टार्टर फिरवला. धडधाकट इंजिनात काटा तिसाच्या आसपास जातो. माझा पहिल्यात वीस, दुसऱ्यात एकोणीस, चौथ्यात एकवीस. तिसऱ्यात चौदा.

त्याने तिसऱ्या सिलिंडरमध्ये चमचाभर ऑइल सोडले, जास्त नाही, आणि पुन्हा मोजले. काटा बावीसवर गेला. ऑइलने रिंगांच्या फटी क्षणभर बुजवल्या होत्या. दाब व्हॉल्व्हमधून, म्हणजे हवा आत-बाहेर सोडणाऱ्या झडपांतून, निसटत असता तर काटा असा चढला नसता. "रिंगा," तो पुटपुटला. मग त्याने मला पूर्ण खोलले.

रिंगा पात्यासारख्या पातळ झाल्या होत्या. सिलिंडरच्या भिंतींवर उभ्या बारीक रेघा. त्याने खालचे ऑइलचे भांडे उघडले आणि तो थबकला. ऑइल वेळेवर बदलले नाही तर तिथे काळा, चिकट गाळ साचतो. माझ्या तळाशी गाळ नव्हता. बोट फिरवले तर धातू चकाकला.

"हिने बदललंय ऑइल," तो स्वतःशीच म्हणाला. "प्रत्येक वेळी बदललंय."

मग धूळ आली कुठून? त्याने माझ्या हवेच्या वाटेत, सिलिंडरकडच्या बाजूने, बोट घातले. बोटावर करडी, करकरीत धूळ. त्याचा हात पाइपाकडे गेला, तिथून खाली, न दिसणाऱ्या क्लिपेकडे. ती घट्ट होती. त्याने ती सोडवली, पाइप ओढला. आत सायकलच्या ट्यूबची पट्टी. तीन वेढे आणि एक गाठ. लहानपणी शाळेत जाताना त्याच्या बुटांची लेस सुटू नये म्हणून ताई मारायची ती दुहेरी गाठ.

तो ती गाठ धरून खाली बसला. वहिनी धावत आली.

"काय झालं? अहो, काय झालं?"

"पाइप मी बसवला होता," तो म्हणाला. "पोरगी झाली त्या दिवशी. क्लिप माझ्याकडून राहिली. तिला सापडलं होतं गं. तिने नीट केलं, आणि ऑफिसात माझ्या शेजारी उभी राहून गप्प बसली."

वहिनीने त्याच्या पाठीवर हात ठेवला. "मग सांगितलं का नाही त्यांनी?"

"मी विचारलं कुठे?" असे म्हणून तो ओरडून रडला. मी उघडा पडलो होतो, माझे चारही पिस्टन जमिनीवर फडक्यावर मांडलेले होते. त्याच्या रडण्याचा आवाज माझ्या रिकाम्या सिलिंडरांत घुमला.

त्याने मला पुन्हा घडवले. नवे सिलिंडर, नवे पिस्टन, नव्या रिंगा. प्रत्येक बोल्ट त्याने आवळला, मग पुन्हा तपासला. मग मला घेऊन तो शाळेत गेला आणि त्याच खिडकीआड, त्याच टेबलासमोर उभा राहिला.

"बाई, चूक माझी होती. ताईची नव्हती. मला माझ्या कामावरून काढा, पण हे लिहून ठेवा."

बाईंनी वही पुढे ओढली. मग म्हणाल्या, "लिहिते. पण ते वाचायला त्या हव्या होत्या."

नव्या रिंगा बसल्यावर इंजिन काही दिवस हळू, ओझ्याशिवाय चालवावे लागते. म्हणून बारक्या रिकामी बस घेऊन ताईच्याच वाटेने निघाला. मी सुरेख चालत होतो. धूर नाही, कण्हणे नाही. खाणीपुढच्या थांब्यावर एक आजी काठी टेकत फाटकापर्यंत आल्या. त्यांचा नातू केव्हाच मोठ्या शाळेत गेला होता, पण आवाज ओळखून त्या आल्या होत्या.

"आलात का बाई परत?" त्यांनी खिडकीकडे मान वर करून विचारले. "किती दिवस झाले! मी रोज कान लावून बसते."

बारक्याने इंजिन बंद केले. खाली उतरला. "आजी, त्या गेल्या."

"गेल्या? कुठे?"

त्याने ड्रायव्हरच्या रिकाम्या सीटकडे पाहिले. आजींना समजले. त्यांनी त्याचा हात धरला. "तुम्ही कोण त्यांचे?"

"भाऊ," तो म्हणाला.

"म्हणजे बारक्या का तू?" आजींचा चेहरा क्षणभर उजळला. "अरे, रोज सांगायच्या तुझं. म्हणायच्या, माझ्या भावाच्या हाताला चूक माहीत नाही."

मित्रांनो, मी आता पुन्हा तुमच्या शाळेच्या फेऱ्या सांभाळतो. माझी काळजी घ्या, बॉनेट आपटू नका, ऑइल बघत जा, हे मी सांगायला हवे आणि सांगतोही. पण खरे मागणे दुसरेच आहे. कशातही बिघाड झाला तर दुसऱ्यावर बोट ठेवण्याआधी स्वतः केलेले काम एकदा चाचपून बघा. आणि कुणाशी अबोला धरला असेल तर तिकडे आजच जा आणि विचारा, खरे काय झाले होते. सगळे मला माहीत होते, पहिल्या दिवसापासून, आणि मी त्यांच्या दोघांच्या मध्ये अकरा महिने मुकाट उभा होतो. मला बोलता येत नव्हते. तुम्हाला येते.